घरातला ब्लॅक लाइट : दिसणारा जांभळा आणि न दिसणारा

ब्लॅक लाइट म्हणजे जांभळ्या रंगाच्या अगदी पलीकडचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा उजेड. माणसाच्या डोळ्याला साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्याच्या खालचा 315 ते 400 नॅनोमीटरचा पट्टा अतिनील-ए या नावाने ओळखला जातो आणि ब्लॅक लाइटचे सगळे काम तिथे चालते. हा उजेड खोली उजळत नाही. काही पदार्थ तो शोषून घेतात, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतात आणि उरलेली जास्त लांबीच्या, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने तत्क्षणी बाहेर टाकतात. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. अंधाऱ्या खोलीत पांढरा सदरा निळसर उजळतो, फ्लुरोसंट नारिंगी कागद आतून पेटल्यासारखा दिसतो आणि शेजारची पितळेची समई मात्र काळीच राहते, ते यामुळे.

पूर्वी यासाठी काळपट काचेची नळी लागायची. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी 1903 मध्ये निकेल ऑक्साइड मिसळलेली काच तयार केली. ती दिसणारा प्रकाश अडवते आणि 365 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश जाऊ देते. त्वचारोगतज्ज्ञांचा वुड्स लॅम्प याच काचेवरून आला. आता ते काम एलईडी करते. अतिनील एलईडीची पाच मीटरची पट्टी चंद्रपूरच्या बाजारात किंवा कुरिअरने गडचिरोलीतल्या एटापल्लीतही मिळते. मात्र ‘ब्लॅक लाइट’ या नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यातल्या एका वस्तूत अतिनील प्रकाश औषधालाही नसतो. वाद इथूनच सुरू होतो.

या वादाच्या दोन बाजू गडचिरोली जिल्ह्यात सहज समोरासमोर येऊ शकतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत रात्रभर चालणारी नाटके होतात. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. गॅसबत्तीपासून हॅलोजनपर्यंत आणि हॅलोजनपासून एलईडीपर्यंत या मंचाने उजेडाची बरीच स्थित्यंतरे पाहिली. मंचामागे उभा असलेला लाइटवाला ही संवादातली पहिली बाजू. दुसरी बाजू शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांची. पुढचे बोलणे कुणा दोन विशिष्ट माणसांचे नाही. त्या दोन कामांत मुरलेल्या माणसांच्या या भूमिका आहेत.

लाइटवाल्यांची भूमिका रोखठोक आहे. “सर, समोरच्या मानसाले जे दिसते तोच इफेक्ट. रिमोटवाली रंगीत पट्टी जांभळ्यावर ठेवा, खोलीतले बाकी दिवे बंद करा. झाला ब्लॅक लाइट. लोकायले नॅनोमीटर मोजायचे नाही हायेत जी.”

सर मान हलवतात, पण नकारार्थी. “भाऊ, त्या पट्टीत लाल, हिरवा आणि निळा अशा तीनच चकत्या असतात. जांभळा दाखवायचा म्हणजे लाल आणि निळा एकदम लावायचा. निळा साधारण 460 ते 470 नॅनोमीटरचा, लाल 620च्या वरचा. अतिनील त्यात कुठून येईल? तुमच्या पट्टीखाली पांढरा सदरा जांभळा दिसतो, कारण त्याच्यावर जांभळा उजेड पडतो. तो उजळत नाही.”

पांढऱ्या कपड्यांच्या बाबतीत सरांचे म्हणणे निर्विवाद आहे. धुण्याच्या पावडरींमध्ये कपडे अधिक शुभ्र दिसावेत म्हणून प्रतिदीप्त द्रव्ये घातलेली असतात. टिनोपाल किंवा राणीपाल वेगळे आणून घालायची पद्धत घरोघरी होती, ती द्रव्ये याच जातीची. ती 350 ते 380 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोमाने शोषतात आणि 430-440च्या सुमारास निळा प्रकाश बाहेर टाकतात. 460चा निळा एलईडी त्यांना जागे करू शकत नाही, कारण प्रतिदीप्तीत आत घेतलेल्या प्रकाशापेक्षा बाहेर टाकलेला प्रकाश कमी ऊर्जेचाच असतो. नीळ ही वेगळी वस्तू. ती कपड्याला नुसता निळा रंग देते, उजळत नाही.

पण लाइटवाले इतक्यावर हार मानत नाहीत, आणि त्यांच्याकडे उत्तर आहे. “मंग निऑन रंगाचं कापड त्याच पट्टीखाली काहून पेटते? पिवळं, पोपटी, नारिंगी? मी दहा मंचांवर पाह्यलं हाय.”

हे निरीक्षण खरे आहे. फ्लुरोसंट पिवळा, पोपटी, नारिंगी आणि गुलाबी रंग निळा प्रकाशही शोषतात आणि आपापल्या रंगात परत टाकतात. म्हणून निळ्या एलईडीखालीही ते भोवतालच्या वस्तूंपेक्षा कितीतरी उजळ दिसतात. फोनच्या टॉर्चवर चिकटपट्टी लावून तिच्यावर निळे आणि जांभळे मार्कर फासायची युक्ती मुले करतात, ती याच कारणाने चालते. फोनचा पांढरा एलईडी म्हणजे 450 नॅनोमीटरच्या निळ्या चकतीवर चढवलेला पिवळा थर. मार्करची शाई पिवळा भाग अडवते, निळा जाऊ देते आणि वहीतल्या हायलायटरच्या रेघा झळकतात. अतिनील त्यात नाही. फक्त फ्लुरोसंट रंगांची आरास करायची असेल तर निळी पट्टी पुरते, आणि या मुद्द्यावर सरांपेक्षा लाइटवाल्यांचे बरोबर आहे. शिवाय निळ्या पट्टीने डोळ्यांची काळजीही कमी राहते.

खऱ्या अतिनील पट्ट्यांत पुन्हा दोन प्रकार आहेत. स्वस्त पट्टी 395 ते 405 नॅनोमीटरची असते. महाग दिवे आणि टॉर्च 365 नॅनोमीटरचे असतात. सरांचा आग्रह 365साठी आहे, लाइटवाल्यांचा 395साठी.

“395च्या एलईडीचा बराच उजेड 400च्या वर सांडतो,” सर सांगतात. “तो डोळ्यांना जांभळा दिसतो, भिंतींवरून परततो आणि सगळ्या देखाव्यावर जांभळे धुके पसरते. ज्याची चमक मंद आहे ते त्या धुक्यात बुडून जाते. म्हणून दिवा जितका कमी दिसेल तितका तो चांगला.”

“आनि दिवा दिसलाच नाही तर घरचे म्हनतीन बंद हाय,” लाइटवाले हसतात. “थोडा जांभळा पायजेच सर. त्याच्यानं वातावरण बनते.”

वातावरण हवे की चमक, यावर निवड ठरते. मुलाच्या खोलीत चांदण्या आणि फ्लुरोसंट रंगांची भिंत हवी असेल तर 395ची पट्टी ठीक. खनिजे, नोटा, कपड्यावरचे डाग किंवा झाडाच्या रसाची चमक बघायची असेल तर 365 नॅनोमीटरचा दिवा लागतो आणि त्याच्यासमोर काळी गाळणकाच लागते. या काचेला बाजारात झेडडब्ल्यूबी-2 म्हणतात. चांगल्या टॉर्चमध्ये ती बसवूनच येते. ती नसली तर 365चा टॉर्चसुद्धा फिकट पांढुरका उजेड टाकतो आणि अर्धी मजा जाते.

दिवा कोणत्या प्रकारचा हे ओळखायला उपकरण लागत नाही. खिशातली नोट पुरते. महात्मा गांधी मालिकेतल्या नोटांच्या कागदात शुभ्र करणारे द्रव्य नसते, म्हणून तो अतिनील दिव्याखाली मंद राहतो. मात्र नोटेचे क्रमांक फ्लुरोसंट शाईने छापलेले असतात आणि कागदात तसेच बारीक तंतू विखुरलेले असतात. 365च्या दिव्याखाली अंधारात नोट धरली की कागद काळसर होतो, आकडे उठून दिसतात आणि इकडेतिकडे पडलेले इवलेसे रंगीत तंतू एकेक करून मोजता येतात. 395च्या पट्टीखाली तेच तंतू जांभळ्या धुक्यात शोधावे लागतात. रिमोटच्या रंगीत पट्टीखाली नोट नुसती जांभळी दिसते. शेजारी धुतलेला पांढरा रुमाल ठेवला तर तीनही प्रकार एका मिनिटात वेगळे करता येतात. पट्टी विकत घेताना दुकानाचे शटर अर्धे ओढून ही परीक्षा करायला संकोच करू नये.

घरात काय उजळेल याचा विचार दिव्याच्या आधी व्हायला हवा. लाइटवाल्यांचा अनुभव असा की रंगावर खर्च केलेला रुपया दिव्यावरच्या रुपयापेक्षा जास्त काम करतो. साधा पोस्टर कलर आणि फ्लुरोसंट पोस्टर कलर दिवसा एकसारखे वाटले तरी ब्लॅक लाइटखाली पहिला काळवंडतो. फ्लुरोसंट रंग पांढऱ्या अस्तरावर दोन हात द्यावा. लाकडावर थेट दिला तर लाकूड निम्मी चमक गिळते. मुलांच्या तान्ह्या पोळ्याच्या सणातल्या लाकडी नंदीवर असा रंग फार खुलतो. शिंगांना नारिंगी, झुलीला पोपटी, डोळ्याच्या कडेला पांढरा धागा, एवढ्यावर काम भागते. सबंध नंदी रंगवला तर आकार हरवतो. काळा राहिलेला भागच उजळलेल्या भागाला रूप देतो, हे मंचावरच्या माणसाला लगेच कळते.

बाजारातले ‘रेडियम’ मात्र फसवते. गाडीच्या मागे लावायची रेडियम पट्टी समोरून आलेला उजेड परत फेकते, तिला अतिनील प्रकाशाचे सोयरसुतक नाही. छताला चिकटवायच्या हिरवट चांदण्या वेगळ्या. त्या अतिनील प्रकाशाने झपाट्याने भरतात आणि दिवा बंद केल्यावरही बराच वेळ मंद उजळत राहतात.

भिंतींचाही विचार करावा लागतो. पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये आणि डिस्टेंपरमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असते. ते अतिनील प्रकाश पिऊन टाकते, म्हणून दिवसा लखलखीत दिसणारी भिंत 365च्या दिव्याखाली काळी पडते. हे आरास करणाऱ्याच्या पथ्यावरच पडते.

सरांना खरा रस आहे तो घरात आणि रानात सापडणाऱ्या गोष्टींत. हळद खाण्याच्या तेलात किंवा स्पिरिटमध्ये मिसळून गाळली की ते द्रावण अतिनील प्रकाशात हिरवट पिवळे उजळते. नुसत्या पाण्यात ही चमक फारच मंद असते. पालकाची पाने स्पिरिटमध्ये कुस्करून गाळलेला हिरवा रस रक्तासारखा लाल दिसतो, कारण हरितद्रव्य लाल प्रकाश बाहेर टाकते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीतले रायबोफ्लेविन पाण्यात पिवळसर हिरवे झळकते. टॉनिक वॉटरमधले क्विनाईन निळे उजळते, आणि त्यात मीठ टाकले की चमक उतरते, कारण मिठातले क्लोराइड ती विझवते. हा शेवटचा प्रयोग वर्गात सगळ्यात परिणामकारक ठरावा असा आहे: पेला तोच, दिवा तोच, आणि चिमटीतल्या मिठाने उजेड मावळतो.

इकडच्या जंगलातले बीजा, म्हणजे बीजासालचे लाकूड मात्र दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही रसायनाच्या तोडीचे आहे. आलापल्लीचे जंगल सागासाठी नावाजलेले, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या मिश्र पानझडी रानात बीजाही आहे. त्याच्या गाभ्याच्या लाकडाचा पेला करून त्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेहावर पितात. औषध म्हणून त्याचे मोल हा वैद्यांचा विषय. इथे महत्त्वाचा आहे तो रंग. गाभ्याची ढलपी काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवली की पाणी पिवळसर तपकिरी होत जाते. पेला काळ्या कापडासमोर धरून बाजूने ऊन पडू दिले तर पाण्याच्या कडेला निळी झाक दिसते. पेला फिरवला की झाक सरकते, उजेडाच्या बाजूलाच राहते. 365चा दिवा लावला की ऊन लागत नाही, निळाई स्वच्छ दिसते. मेक्सिकोतल्या एका लाकडाच्या पाण्यात अशीच निळी झाक दिसते हे स्पेनमधले वैद्य निकोलास मोनार्देस यांनी 1565 मध्ये लिहून ठेवले. प्रतिदीप्तीची ती सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक मानली जाते. त्यावर व्यवस्थित भौतिकशास्त्र उभे राहायला 1852 उजाडले. जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी क्विनाईन आणि फ्लोराइट यांच्यावर काम करून बाहेर पडणारा प्रकाश नेहमी जास्त लांबीचा असतो हे मांडले.

“फ्लोराइट तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात नोंदलेलं आहे,” सर म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचे फ्लोराइटचे साठे देशातल्या मोजक्या साठ्यांमध्ये गणले जातात. मात्र प्रत्येक फ्लोराइट उजळतोच असे नाही. त्यात युरोपियमसारख्या मूलद्रव्यांचा अंश असला तरच निळी चमक येते. हातात आलेला खडा दिव्याखाली धरून बघणे एवढाच त्यावर मार्ग.

“बीजाचं झाड मात्र कोनी तोडू नये,” लाइटवाले मध्येच सांगतात. “सुताराकडं ढलप्या पडल्या असतात, त्या मागून आना.” हे सांगणे अगदी रास्त आहे. बीजाची संख्या घटत चालली आहे आणि प्रयोगाला बोटाएवढी ढलपी पुरते.

पट्टी बसवण्याचे काम लाइटवाल्यांच्या हातचे, आणि त्यात सरांनी ऐकायचे आहे. पाच मीटरची, 300 बारीक एलईडींची 12 व्होल्टची पट्टी सुमारे 24 वॅट घेते, म्हणजे 2 अँपिअर. तिला 3 अँपिअरचा, बीआयएस नोंदणी असलेला अ‍ॅडॉप्टर द्यावा, कारण काठावरचा अ‍ॅडॉप्टर तापतो. पट्टी मधे कुठेही कापता येत नाही. तीन-तीन एलईडींनंतर तांब्याच्या ठिपक्यांवर कात्रीची खूण असते, तिथेच कापायची. कारण साधे आहे. एका अतिनील एलईडीला साधारण 3.3 व्होल्ट लागतात, तिघांना मिळून 9.9, आणि उरलेले 2.1 व्होल्ट शेजारचा चिमुकला रोध सोसतो.

ही आकडेमोड इथल्या गावांत उपयोगी पडते. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॅटचे आहे, तरी भामरागडकडच्या पाड्यांवर पावसात वीज जाते ती जातेच. तेव्हा मोटरसायकलच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर ही पट्टी चालते. 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीवर दोन तास पुष्कळ झाले, जास्त ओढली तर बॅटरी खराब होते. पण गाडी चालू ठेवून पट्टी जोडायची नाही. चार्जिंग होताना व्होल्टेज 14.4च्या जवळ जाते. एलईडी आपले 9.9 घेतात आणि रोधावर 2.1च्या जागी 4.5 व्होल्ट येतात, म्हणजे प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो. पट्टी अर्धा तास झकास दिसते आणि मग एकेक तुकडा काळा पडू लागतो.

उन्हाळ्याचाही विचार हवा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली पट्टी लाकडाला चिकटवली तर तिची उष्णता बाहेर पडत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवली तर ती टिकते. वर प्लास्टिकचे दुधी झाकण मात्र बसवू नये. पॉलिकार्बोनेटसारखे प्लास्टिक अतिनील प्रकाश अडवते आणि पैसे देऊन घेतलेला उजेड झाकणातच अडकतो.

दिवा कुठे ठेवायचा यावर दोघांचे एकमत आहे, कारणे वेगळी. लाइटवाले म्हणतात, पट्टी प्रेक्षकाच्या नजरेआड, मखराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, देखाव्याकडे तोंड करून लावावी, म्हणजे रहस्य टिकते. सर म्हणतात, ती नजरेआड हवी, कारण डोळ्याची बाहुली दिसणाऱ्या उजेडाला आकुंचन पावते, अतिनील प्रकाशाला नाही. शिवाय डोळ्यातले भिंग स्वतः किंचित उजळते आणि थेट बघणाऱ्याला सगळे धुरकट दिसू लागते.

धोक्याबद्दल मात्र खडाजंगी होते. “उन्हात दिवसभर धान कापतो तेव्हा कोनी चष्मा देत नाही,” लाइटवाले म्हणतात. त्यांच्या बाजूने हिशोब असा मांडता येतो: 24 वॅटच्या पट्टीतून ढोबळ मानाने 5 वॅट प्रकाश बाहेर पडतो. तो दहा चौरस मीटरवर पसरला तर चौरस मीटरला अर्धा वॅट. दुपारच्या उन्हात अतिनील-ए चौरस मीटरला 50 वॅटच्या आसपास असतो. डोळ्यांसाठी दीर्घकाळाची आंतरराष्ट्रीय मर्यादा 10 वॅट धरतात. खोलीभर पसरलेली पट्टी त्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे.

“पट्टीचं मान्य,” सर म्हणतात, “पण टॉर्चचं नाही. 365चा जोरदार टॉर्च वीतभर अंतरावरून मुलानं डोळ्यात धरला तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते. आणि उन्हात आपण डोळे मिटतो, याच्यासमोर मिटत नाही.” म्हणून टॉर्च लहान मुलांच्या हातात देऊ नये. मोठ्यांनी तो बराच वेळ वापरायचा असेल तर साधा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक गॉगल लावावा. त्याहून गंभीर बाब म्हणजे पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली नळी. ती 254 नॅनोमीटरचा अतिनील-सी प्रकाश टाकते, जंतू मारते आणि काही मिनिटांत डोळे आणि त्वचा भाजते. बिघडलेल्या यंत्रातून ती काढून सजावटीला लावणे हा खेळ नव्हे. तिथे लाइटवालेही आवाज चढवून नाही म्हणतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत ब्लॅक लाइटवर सर्वांत मोठे बंधन मात्र किड्यांचे आहे, आणि शहरातल्या सल्ल्यांत ते सापडत नाही. कीटकांना अतिनील प्रकाश दिसतो आणि ते त्याच्याकडे झेपावतात. कीटकशास्त्रज्ञ पतंग गोळा करायला पांढऱ्या चादरीसमोर ब्लॅक लाइटच लावतात. धानाच्या शेतात खोडकिड्याचे पतंग आणि तुडतुडे पकडायला प्रकाश सापळा लावतात, तो याच सवयीवर चालतो. तान्हा पोळा आणि त्यामागोमाग येणारा गणपती दोन्ही भर पावसाळ्यात, धान शेतात उभे असताना येतात. तेव्हा उघड्या पडवीत ही पट्टी लावली तर सजावटीचा प्रकाश सापळा होतो. तासाभरात मखर पतंगांनी भरते. किड्यांमागे पाली आणि बेडूक येतात, बेडकांमागे साप येतो. पावसाळ्यात दारे-खिडक्या जाळीने बंद असलेल्या आतल्या खोलीतच हा दिवा लावावा, आणि दर्शनाला माणसे आली की तेवढ्यापुरता.

“आमचा सीझन हिवाळ्यातला, म्हनून मंचावर एवढा त्रास नाही,” लाइटवाले सांगतात. ताडोबाच्या बफरमधल्या घरांनी आणि होमस्टेंनी तर अंगणात असा दिवा कुठल्याच मोसमात लावू नये. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या पेंचला जानेवारी 2024 मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे जपला जातो तो अंधार इथेही पतंगांना आणि काजव्यांना तितकाच हवा आहे.

देखाव्याचा फोटो काढताना फोन अंधार भरून काढायला उजेड वाढवतो आणि सगळे जांभळे होते. पडद्यावर उजळ भागाला बोट लावून उजेड कमी करावा आणि कॅमेऱ्यासमोर पिवळा जिलेटिन कागद धरावा. जांभळा अडतो, रंग खरे येतात. फ्लुरोसंट रंग उन्हाने आणि अतिनील प्रकाशानेही लवकर उतरतात, म्हणून सण झाला की नंदी आणि कापडे काळ्या पिशवीत ठेवावीत.

राहिला विंचू. त्याच्या बाबतीत दोघांच्या भूमिका उलटतात. विंचवाच्या कवचातली द्रव्ये अतिनील प्रकाशात निळसर हिरवी उजळतात, आणि इतकी की 395चा स्वस्त टॉर्चही पुरतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पहिल्या पावसात सरपणाच्या ढिगात, कुडाच्या भिंतीच्या फटीत, दाराशी काढलेल्या चपलांखाली तो असतो. पांढऱ्या टॉर्चमध्ये तो मातीच्या रंगात मिसळून जातो. अतिनील टॉर्चमध्ये काही पावलांवरून वेगळा दिसतो.

“मंग सर, सजावटीपेक्षा हाच उपयोग मोठा नाही का जी?” लाइटवाले विचारतात.

सर इथे सावध होतात. “घरात झोपायच्या आधी एक फेरी मारायला उत्तम. पण पहाटे मोहफुलं वेचायला जाताना हाच टॉर्च नेऊ नका. साप उजळत नाही, अस्वल उजळत नाही. रानात पांढराच टॉर्च हवा.” डंख झालाच तर मंत्रतंत्रात वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध वेळेत मिळाले तर जीव वाचू शकतो. टॉर्चलाही एक मर्यादा आहे. नुकतीच कात टाकलेल्या विंचवाचे नवे कवच उजळत नाही, ते टणक होत जाते तशी चमक येते. म्हणून घरभर टॉर्च फिरवून झाला तरी सकाळी बूट झटकूनच घालायचा.